देंबेइ-युचा बावन्नावा भाग

२६ ऑगस्ट

आमच्या भाताच्या कुकरने मौनव्रत घेतले आहे. घटना गंभीर असल्यामुळे नव्या वहीचा आरंभ तिच्यापासूनच करतो. भात झाला की हे यंत्र एक छोटीशी धून वाजवत असे, आणि ती ऐकून मी वाडगा घेऊन हजर होत असे. गेले काही महिने धून नाही. मी टेबलाशी पेपर वाचत ताटकळतो आणि भात आत केव्हाचा तयार होऊन बसलेला असतो. ज्या देशात लिफ्ट बोलते, बस बोलते, संडासही अदबीने सूचना देतो, तिथे नेमक्या माझ्या कुकरने अबोला धरावा?

तोमोएला म्हटले, "दुकानात परत देऊन टाकू."

ती हातातले काम थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे हो. भात तर नीट करतोय ना?"

तर्कशास्त्रात या उत्तराला स्थान नाही. पण हल्ली बायको बोलतेच इतके कमी की मिळालेल्या वाक्यात दोष काढू नयेत. तीस वर्षांच्या संसारात विषय संपत जात असावेत.

दुपारी कुरोसु-सानचा फोन आला. उद्या-परवा येऊन जा, म्हणाल्या. 'देंबेइ-यु' ही जुनी कार्टून मालिका अखेर सबंध परदेशी निघाली आहे आणि इंग्रजी संवादपट्ट्या मीच लिहायच्या आहेत.

पुण्याच्या पाठशाळेत हास्यरसाचे सहा प्रकार घोकून पाठ केले, तोक्योच्या बौद्ध महाविद्यालयात ते अर्धझोपेतल्या पोरांना शिकवले, एका मराठी साप्ताहिकाला इथली वार्तापत्रे पाठवता पाठवता केस पिकले. पण त्या सहा प्रकारांचा उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ.

३० ऑगस्ट

आसागायाला कुरोसु-सानच्या घरी गेलो. बाई ऐंशीला टेकल्या आहेत. तरुणपणी हिबारी नावाच्या कार्टून स्टुडिओत त्या पारदर्शक कागदांवर रंग भरत. स्टुडिओ बुडाला, दिग्दर्शकाने मरताना मालिकेचे हक्क यांच्या नावे केले, आणि तेव्हापासून फिल्मचे डबे यांच्या माजघरात.

"या, या. उभे काय राहता? संस्कृतवाल्याला ताटकळत ठेवलं तर शाप देतात म्हणे." मी बसणार तोच त्यांनी उशी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. "इथं नको, तिथं. माझ्या उजवीकडे मला पाहुणा आवडत नाही."

फार मोठ्याने बोलतात हल्ली. वयोमानाने कान गेले असावेत बिचारीचे. मीही मग आवाज चढवून बोललो, त्यांना अवघड वाटू नये म्हणून.

देंबेइ-युची, म्हणजे देंबेइच्या न्हाणीघराची, गोष्ट अशी. देंबेइ हा सासऱ्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात घरजावई म्हणून येतो. न्हाणीघराचा मालक, पण कढत पाण्याला भिणारा. सगळी आळी त्याच्या हौदात डुंबते आणि हा गल्ल्याच्या उंच बैठकीवर कोरडा. प्रत्येक भागात गिऱ्हाईके त्याला पाण्यात उतरवण्याचा कट करतात, शेवटी तो धपकन पडतो, एक गगनभेदी किंकाळी फोडतो, आणि पडदा. सत्तरच्या दशकात दर सोमवारी सात वाजता सारा देश त्या किंकाळीची वाट बघत असे.

परदेशात तिचे हाल झाले ते वेगळेच. इटलीवाल्यांनी नायकाचा बेप्पे केला आणि न्हाणाऱ्या मंडळींना कात्रीने किंवा शाईने लंगोट चढवले. स्पॅनिश मुलखात तो डॉन बेतो झाला. फिलिपिन्समध्ये तर न्हाणीघराची खाणावळ झाली. लोक रश्श्यात का बसलेत हे तिथल्या पोरांनी कधी विचारले नाही. विकले गेले होते एकोणचाळीसच भाग. त्यामुळे जगभर आता पन्नाशीला आलेली माणसे आहेत, ज्यांचा देंबेइ अजून बैठकीवर कोरडाच बसला आहे.

"शेवटच्या भागात तो उतरतो हो," कुरोसु-सान म्हणाल्या. "कुणी ढकलत नाही. आपणहून उतरतो. मागं एक इटालियन बाई इथं येऊन मला विचारत होती, बेप्पे उतरतो का? मी नुसती मान हलवली. तिला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं."

आता अडचण. चित्राचा डबा वेगळा, आवाजाचा वेगळा. बावन्नाव्या भागाचा आवाजाचा डबा त्यांनी उघडला आणि लोणच्याच्या दुकानात शिरल्यासारखा आंबूस वास घरभर झाला. जुनी फिल्म अशी सडते. आत चिकट वड्या. चित्र शाबूत, आवाज गेला.

मालिका घेणाऱ्या व्हँकुव्हरच्या कंपनीची अट साधी आहे: बावन्नच्या बावन्न, नाहीतर एकही नाही. मुदत ऑक्टोबरअखेर. आधीच्यांनी अर्धवट माल विकून लोकांना फसवले, आम्ही फसवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सज्जन माणसांशी व्यवहार करणे फार कठीण.

"दुसऱ्या नटाकडून संवाद बोलून घेतले तर?" मी विचारले.

"देंबेइच्या तोंडात परक्याची किंकाळी?" बाई माझ्याकडे अशा बघू लागल्या की मी चहात तोंड लपवले. "ऐका. हौदावरची ती वाफ आहे ना, ती मी रंगवलीय. कोरड्या कुंचल्यानं, एकेक कागद. ती वाफ समुद्रापार गेल्याशिवाय मी मरणार नाही. तुम्ही आवाज शोधा."

"मी?"

"मग काय शाप द्यायला बोलावलंय?"

शोधणार. मी आजवर धातुरूपे शोधली आहेत. हा तर नुसता आवाज.

३ सप्टेंबर

शेजारच्या ओनुकी-सान एका काचेच्या पेटीत घंटाकिडे देऊन गेल्या. "तुमच्याकडे संध्याकाळी हल्ली फार उत्साह असतो, टीव्हीसुद्धा किती जोशात," असे कौतुक केले. "हे किडे अगदी हळू गातात. ऐकायचे तर घर निवांत लागतं." किती अगत्य! मी वाकून आभार मानले. तोमोए का कोण जाणे, लाल झाली आणि माझ्याहून जास्त वाकली.

किड्यांना काकडीची चकती दिली. खातात पोटभर, गात मात्र नाहीत. एक कुकर कमी होता.

९ सप्टेंबर

यश! कुरोसु-सानने जुन्या कार्टूनवेड्यांच्या मंडळात शब्द टाकला होता. कावागोएचे एक दंतवैद्य, मुरोतानी-सान, यांच्याकडे कॅसेट आहे. घरात व्हिडिओ येण्यापूर्वी इथली पोरे टीव्हीच्या पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवून आवडत्या मालिकांचा नुसता आवाज टिपून ठेवत आणि अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत. मुरोतानी-सानने बावन्नावा भाग असा टिपला होता. परवा बोलावले आहे.

११ सप्टेंबर

कावागोएला जाऊन आलो. दवाखाना बंद होण्याच्या वेळी गेलो. खुर्चीत शेवटचा रोगी आ वासून होता. मुरोतानी-सान माझ्याच वयाचे, गोल चेहऱ्याचे. मास्क काढला तेव्हा कळले की ते एवढा वेळ माझ्याशी बोलत होते. मास्कमागून या देशात कोण काय बोलते ते देवच जाणे.

आत बसलो. मी नेलेला मिठाईचा खोका त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, बाजूला ठेवला, आणि रुमालात गुंडाळलेली कॅसेट समोर ठेवली.

"आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "टेप सुरू असली की आमच्याकडे श्वास घ्यायची बंदी. बाबा रजईत तोंड खुपसून खोकायचे. शेवटचा भाग, म्हणून मी सगळ्यांना तंबी दिली होती. आणि नेमका देंबेइ पायऱ्या उतरायला लागला, हौदाशी आला, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली."

"काय ओरडल्या?"

"आई काय ओरडणार? जेवायला चल, निवतंय सगळं." ते हसले. "मी इतका चिडलो! टेप नासली म्हणून रुसून बसलो. जेवलोच नाही त्या रात्री. नासलेली टेप कशाला ऐकायची? खणात टाकून दिली. त्याच वर्षी, थंडी सुरू होता होता, आई गेली."

त्यांनी कॅसेटखालचा रुमाल सरळ केला.

"नंतर ऐकायचं धाडस होईना. जुनी टेप, लावली आणि तुटली तर? आणि लावली आणि ती त्यात नसलीच तर? तिचा आवाज दुसरा कुठंच नाही हो आमच्याकडे. आता आठवू गेलो तर बायकोचाच आवाज ऐकू येतो." त्यांनी कॅसेट माझ्याकडे सरकवली. "तुमच्या स्टुडिओत जपून लावतील. अट एकच. ती असली तर तिला पुसू नका. आणि मला एवढंच सांगा, आहे की नाही."

"मी स्वतः ऐकून सांगतो," मी म्हणालो.

"सेन्सेइ, तुमच्यावर सोपवलं." मास्तरांना इथे सेन्सेइच म्हणतात.

निघताना खोका तसाच परत माझ्या हातात देऊ लागले. दाताच्या डॉक्टरला मिठाई नेणारा मीच पहिला नसेन.

१५ सप्टेंबर

आवाज साफ करणाऱ्या स्टुडिओत इकुनो-सानने कॅसेट नव्या कवचात घालून, डोळ्यांत तेल घालून उतरवून घेतली. ही ध्वनीची मुलगी तिशीतली; बोलते इतके हळू की जणू शब्द उसने आणले आहेत. कानात इयरफोनचे बोळे घालून मी सबंध भाग पुन्हा पुन्हा ऐकला.

वाळूच्या वादळातून यावा तसा आवाज, पण देंबेइ आहे! सासरा आहे, आळीतली मंडळी आहेत. आणि शेवट! देंबेइ पायऱ्या उतरतो. गिऱ्हाईके श्वास रोखतात. पाय पाण्यात. आता किंकाळी येणार म्हणून आपणही कान टवकारतो, आणि येते ती निखळ शांतता. नुसती वाफ. कितीतरी वेळ. मग देंबेइ खालच्या पट्टीत म्हणतो, "अरे, एवढंच होतं होय."

एकावन्न भाग हास्य, आणि बावन्नाव्यात ही शांतता! आमच्या आचार्यांनी शांताला रसांत जागा द्यावी की नाही यावर शतके वाद घातला. इथे एका न्हाणीघरवाल्याने तो मिटवला. संवादपट्टीखाली टीप लिहून ठेवली आहे: या ठिकाणी काहीही ऐकू येत नाही, आणि तेच दिग्दर्शकाचे कौशल्य.

मुरोतानी-सानच्या आईंचा आवाज मात्र नाही. त्या जागी परत परत गेलो. नाही.

१७ सप्टेंबर

अप्रिय काम लांबणीवर टाकू नये. सकाळी मुरोतानी-सानना फोन केला. प्रस्तावना न करता सांगितले, की मी अनेकदा ऐकले, टेपवर कोणतीही हाक नाही. लहानपणच्या आठवणीत एका सोमवारची गोष्ट दुसऱ्या सोमवारला चिकटते, असेही समजावले.

फोन तुटला असे वाटून मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो.

"असं आहे होय," ते अखेर म्हणाले. "सेन्सेइंना फार त्रास दिला. मग... मग काय हवं ते साफ करा. कॅसेटही परत पाठवायची तसदी घेऊ नका."

किती समजूतदार गृहस्थ.

१९ सप्टेंबर

काल इकुनो-सानचे टिपण आले: "सेन्सेइंच्या ध्यानात आलेच असेल, पण शेवटच्या शांततेत वरच्या पट्टीचा एक ध्वनी असावासा वाटतो. खरखर समजून काढून टाकू का, कृपया मार्गदर्शन व्हावे."

लिहिले: ती खरखरच. निःसंकोच काढावी, शांततेला डाग नको.

उत्तर पाठवले तरी तिने कामाला हात लावलेला नाही, असे कुरोसु-सानकडून कळते. मशीन बिघडले म्हणते. या तरुण पिढीला निर्णय घेता येत नाही. मुदत जवळ येते आहे. मी मात्र ढिला पडणार नाही.

२३ सप्टेंबर

तोमोएच्या माहेरच्यांच्या स्मशानी जाऊन आलो. आपल्याकडे पितृपंधरवडा, इथे विषुवाचा आठवडा. पितर सगळीकडे याच सुमारास भुकेजतात. दगडावर पाणी घातले, फुले ठेवली. परतताना ती नेहमीप्रमाणे माझी बाजू बदलून चालू लागली. वाहनांच्या बाजूला स्वतः का जातेस, म्हणून मी रागावलो. "मला आवडतं," म्हणाली. हल्ली काही सांगायचे असले की आधी बाहीला हात लावते. वय झाले की माणसे हळवी होतात.

मनात येत होते, आज मुरोतानी-सानही आईच्या दगडावर पाणी घालत असतील.

२८ सप्टेंबर

हे नीट लिहिले पाहिजे.

संध्याकाळी पट्ट्यांच्या वेळा जुळवत होतो. बोळ्यांनी कान दुखतात म्हणून टीव्हीलाच जोडले. देंबेइ पायऱ्या उतरला, शांतता सुरू झाली, आणि आतून तोमोए ओल्या हातांनी धावत आली.

"आले, आले! कोण आलंय?"

"कुणी नाही."

"अहो, बाई हाक मारत होती ना. मला वाटलं ओनुकी-सान."

मी म्हटले, भास झाला असेल.

ती पदर म्हणावा तसा एप्रन हातात धरून उभी राहिली, मग माझ्या जवळ, उजव्या बाजूला येऊन बसली. "पुन्हा लावा."

लावले. वाफ. शांतता. तिने एक बोट वर केले. "आता." आणि मग शब्दाशब्दाने, माझ्याकडे तोंड करून सांगितले: "आकिरा, जेवायला चल रे. निवतंय सगळं."

पुन्हा लावायला लावले. पुन्हा तिने बोट वर केले, त्याच जागी. मला वाळूचे वादळ ऐकू आले.

आकिरा. मुरोतानी-सानचे नाव मी तिला कधी सांगितले नव्हते. मीच ते दवाखान्याच्या पाटीवर वाचले होते.

मी विचारले, "तोमोए, कुकर वाजतो का?"

"वाजतो."

"आणि किडे?"

तिने पेटीकडे पाहिले. "आत्ताही गातायत."

२९ सप्टेंबर

काही लिहिले नाही.

१ ऑक्टोबर

सकाळी आधी इकुनो-सानला फोन केला: काहीही पुसू नकोस, मी चुकलो. ती म्हणाली, "पुसलं नव्हतं, सेन्सेइ." मग घाबरून, "मशीन खरंच थोडं बिघडलं होतं."

मग आसागाया. कुरोसु-सानने दार उघडले आणि माझा चेहरा बघून उशी उजवीकडून डावीकडे करायचे नाटकही केले नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"दोन वर्षं झाली. तुमचा डावा कान तर नुसता शोभेचा आहे. उजवाही काही फार कष्ट घेत नाही."

"मग कुणी बोललं का नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार, आणि तुम्हाला तो विषय नको असणार. समोरच्यानं जे झाकलंय त्यावरचं फडकं कशाला ओढायचं? ती इकुनो रडत आली होती माझ्याकडे. सेन्सेइंना कसं सांगू म्हणाली. मी म्हटलं, मशीन बिघडव." त्यांनी चहा ओतला. "चुकलंच आमचं. त्या दाताच्या डॉक्टरचं वाटोळं होत होतं आणि आम्ही तुमची लाज सांभाळत बसलो."

"मी त्याला सांगितलं, तुझी आई त्यात नाही."

"मग आता जा आणि सांगा, आहे. अजून गाड्या चालू आहेत."

४ ऑक्टोबर

इकुनो-सानला बरोबर घेऊन कावागोएला गेलो. फोनवर सांगितले नाही. फोनवर सांगून एकदा नुकसान केले आहे. मुरोतानी-सान मला बघून वाकले, पण हसले नाहीत.

"टेपवर तुमच्या आई आहेत," मी म्हणालो. "नाहीत असं मी सांगितलं, कारण मला ऐकू येत नाही. त्यांचा दोष नव्हता, टेपचाही नव्हता. तुमच्या आठवणीचा तर नव्हताच."

ते खुर्चीत बसले. रोग्यांच्या खुर्चीत, दुसरी जवळ नव्हती. इकुनो-सानने त्यांच्या कानांवर यंत्र बसवले. मी समोर उभा राहिलो. मला काय ऐकायचे होते? मी बघत होतो.

आधी मालिका ऐकताना त्यांचा पाय हलत होता. मग थांबला. आणि मग हा केस पिकलेला माणूस एकदम ताठ होऊन दाराकडे वळला, जणू आतल्या खोलीतून कुणी... आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "आलो."

पुढचे काही लिहीत नाही. इकुनो-सान पाठमोरी होऊन तारा गुंडाळत होती. त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या.

निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले, आणि वळून माझ्या उजव्या कानाशी आले. "सेन्सेइ, तिचा आवाज माझ्या आठवणीपेक्षा तरुण आहे. माझ्या मुलीएवढी होती हो ती." आणि मग, डॉक्टरच शेवटी: "कान दाखवा. दाढ दुखेपर्यंत थांबणारे रोगी मला ठाऊक आहेत."

१२ ऑक्टोबर

व्हँकुव्हरकरांची शंका. शेवटच्या प्रसंगी पडद्यावर नसलेली एक बाई बोलते, हा बाहेरचा आवाज दिसतो, काढून द्यावा.

कुरोसु-सानने मला बोलावून उत्तर सांगितले, मी इंग्रजीत घातले. मजकूर असा: 'संपूर्ण' हवे, हा शब्द तुमचा. हा भाग प्रसारित झाला तेव्हा घराघरात कुणीतरी कुणालातरी जेवायला बोलावत होते. त्यातली एकच हाक उरली आहे. ती आहे तशी घ्या, नाहीतर बावन्नच्या बावन्न परत पाठवा.

"परत पाठवले तर?" मी विचारले.

"तर मला अजून जगावं लागेल," बाई म्हणाल्या. "करीन तेही."

१८ ऑक्टोबर

व्हँकुव्हरचे उत्तर आले. घेतो म्हणतात, आहे तशी. एवढेच विचारले आहे की त्या हाकेला संवादपट्टी हवी का.

हवी. माझी जुनी टीप, ती शांततेची, काढून टाकली. शतकांचा वाद पुन्हा उघडा पडला, त्याला इलाज नाही. तिच्या जागी, मला जे कधीच ऐकू आले नाही ते वाक्य, तोमोएने सांगितले त्या शब्दांत लिहिले. इतक्या मोठ्या कामात मला खात्री आहे अशी तेवढी एकच ओळ.

२७ ऑक्टोबर

सगळे भाग व्हँकुव्हरला गेले. कुरोसु-सानने साके काढली, मला उजवीकडे बसवून मुद्दाम डाव्या कानात काहीतरी कुजबुजल्या आणि टाळ्या पिटून हसल्या. "बघा, शिवी दिली तरी वाकून आभार मानताय!" सहा प्रकारांपैकी हे अतिहसित. मंडळी आता मोठ्याने बोलतात आणि निर्लज्जपणे थट्टा करतात, हे बरे आहे.

उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचे आहे. यंत्र लावावे लागेल म्हणतात. लावीन. मला म्हातारा दिसण्याचे भय नाही. पाठशाळेत असल्यापासून तसाच दिसतो. वर्गातल्या पोरांचे बोलणे ऐकू न येणे ही तर सोयच होती.

आज संध्याकाळी तोमोए आतल्या खोलीत होती आणि मी इथे बसून किड्यांच्या पेटीकडे बघत होतो. दोनच उरले आहेत, पंख थरथरताना दिसतात. तेवढ्यात ती येऊन बाहीला हात लावून म्हणाली, भात झालाय. मी विचारले, आतून हाक मारली होतीस का? "नाही," म्हणाली. "हाक मारायची सवय गेली आता."

ती कमी बोलायला लागली आहे असे मी याच वहीत लिहिले आहे. विषय संपले असतील असेही लिहिले आहे. या दोन वर्षांत तिने आतल्या खोलीतून मला किती वेळा हाक मारली असेल, आणि मी गेलो नसेन, आणि मग तिने केव्हा थांबवले असेल, हे मला माहीत नाही. यंत्र लावल्यावर कुकर वाजेल, किडे गातील. पण ती पुन्हा हाक मारील की नाही, याची मला भीती वाटते.